पावसाचा खंड, अतिवृष्टी आणि विहिरीतले एक पाणी

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात एका कृषी विस्तार अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपल्याला लहरी हवामानात पीक कसे सांभाळावे याविषयी बोलायचे आहे. सुरुवात मी माझ्या एका चुकीपासून करतो. सल्ला देणाऱ्याने आपली चूक आधी सांगावी, म्हणजे पुढचे बोलणे ऐकणाऱ्याला पटते.

गोष्ट २०२३ सालची आहे. जुलैच्या शेवटी पाऊस चांगला झाला होता. मराठवाड्यातली सोयाबीनची राने हिरवीगार होती. मग ऑगस्ट लागला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. पंधरा ऑगस्टचे झेंडावंदन आटोपून मी निघालो, तेवढ्यात माझ्या हद्दीतल्या एका गावचे आबा शाळेच्या फाटकाशी आडवे आले. आबांचे तीन एकर सोयाबीन. ५ जुलैची पेरणी, म्हणजे पीक एक्केचाळीस दिवसांचे, ऐन फुलोऱ्यात. तीन एकरांपैकी दोन एकर मध्यम काळे रान आणि एक एकर टेकाडावरचे मुरमाड. विहिरीला पाणी होते, पण बेताचे. मोटार तीन तास चालली की विहीर तळाला लागायची, ती दुसऱ्या दिवसापर्यंत भरायची.

आबा म्हणाले, "सायेब, पाणी एका रानापुरतं हाय आन् रानं तीन हायती. देऊ का आता? आन् दिलं तर कोन्त्या रानाला देऊ?"

मी म्हणालो, "आबा, ऑगस्ट महिना आहे. सरासरीने या महिन्यात चांगला पाऊस असतो. चार दिवस थांबा, येईल."

चार दिवस गेले, आठ गेले, पाऊस आला नाही. २५ ऑगस्टला आबांनी मोटार सुरू केली आणि मोकाट पाणी सोडले. तोपर्यंत काळ्या रानात बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. सगळे पाणी भेगांनी गिळले. दीड एकर होईपर्यंत पंधरवडा उलटत आला. फुले गळून गेली होती, ज्या शेंगा धरल्या त्या चपट्या राहिल्या. जिथे अठरा-वीस क्विंटल व्हायचे तिथे तीन एकरांत सहा क्विंटल सोयाबीन झाले. मळणी झाल्यावर मी आबांना भेटायला गेलो. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायेब, तुमची ती सरासरी माझ्या रानात कवा आलती?"

मंडळी, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी जे शिकलो, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

सरासरी का फसवते

तो २०२३ चा ऑगस्ट साऱ्या देशासाठीच कोरडा होता. १९०१ पासूनच्या नोंदी पाहिल्या तर देशात इतका कमी पावसाचा ऑगस्ट तोपर्यंत झाला नव्हता. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी पडला. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरच्या शेवटी, ज्या वेळी पाऊस नको होता त्या वेळी, अवकाळी पाऊस आणि गारा आल्या.

जरा मागे जाऊन बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पिण्याचे पाणी मिरजेहून रेल्वेने आणावे लागले. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी असा पाऊस झाला की कोरडे पडलेले मांजरा धरण भरले. २०२१ च्या सप्टेंबरअखेर 'गुलाब' चक्रीवादळाचा उरलेला जोर मराठवाड्यावर आला आणि काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर भागात नदीकाठची राने नुसती बुडाली नाहीत, तर माती खरवडून नेऊन खाली मुरूम उघडा पडला.

आता कोणी म्हणेल, दुष्काळ काय आणि पूर काय, आपल्या वाडवडिलांनीही पाहिले आहेत. १९७२ चा दुष्काळ घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवतो. बरोबर आहे. पण आता फरक असा पडला आहे की एकाच हंगामात दोन्ही संकटे येऊ लागली. याचे एक कारण समजायला सोपे आहे. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. म्हणजे तापलेली हवा जमिनीतली आणि पिकातली ओल जास्त ओढते, आणि पाऊस पडायला लागला की साठवलेले सगळे पाणी एकदम ओतते. पाऊस पडण्याचे दिवस कमी होतात आणि पडेल त्या दिवशी धो धो पडतो. पर्जन्यमापकात वर्षाचा आकडा पुरा भरतो. पण एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पडला की सरकारी भाषेत ती अतिवृष्टी, आणि त्यातले बरेचसे पाणी ओढ्याला जाते. पिकाला वर्षाच्या बेरजेशी काही देणेघेणे नाही. ज्या आठवड्यात त्याला तहान लागते त्या आठवड्यात मुळाशी ओल आहे की नाही, एवढेच ते बघते.

म्हणून आपल्यालाही दोन गोष्टी माहीत पाहिजेत. आपली जमीन किती दिवस दम धरते, आणि आपले पीक कोणत्या दिवसांत नाजूक असते.

जमीन म्हणजे घागर

जमीन ही पाण्याची घागर समजा. भारी, दोन-तीन फूट खोल काळी जमीन म्हणजे मोठा रांजण. दीड फुटाची मध्यम जमीन म्हणजे घागर. वीतभर मातीखाली मुरूम लागणारी हलकी जमीन म्हणजे तांब्या. पाऊस कितीही पडो, तांब्यात तांब्याएवढेच राहणार.

ढोबळ हिशेब असा. दीड फूट खोल मध्यम काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी साधारण ६० ते ७० मिलिमीटर मावते. त्यातले निम्मे संपेपर्यंत पीक सुखात असते. निम्म्याच्या खाली गेले की पिकाला ताण बसू लागतो. भर वाढीतले सोयाबीन कोरड्या, उन्हाच्या दिवसांत रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी पिते. म्हणजे पाऊस थांबल्यापासून मध्यम जमिनीत पीक सहा-सात दिवस सुखात राहते. भारी खोल जमिनीत बारा ते पंधरा दिवस. हलक्या जमिनीत जेमतेम तीन दिवस. बांधाला बांध लागून असलेल्या दोन रानांत एक पीक तरारलेले आणि एक माना टाकलेले का दिसते, ते आता लक्षात येईल.

त्यातही ऊन कडक असेल, वारा सुटला असेल, तर हे दिवस आणखी कमी होतात. पाच मिलिमीटरच्या जागी सहा लागले तर आठवड्याच्या सोयीतला एक दिवस गेलाच म्हणून समजा. पाण्याच्या पाळ्या ठरवताना कॅलेंडरावर बोट ठेवून चालत नाही, आकाशाकडे आणि रानाकडे बघावे लागते. ओल बघायची तर खुरप्याने वीतभर खाली माती उकरा आणि मुठीत दाबा. लाडू वळला तर ओल आहे. लाडू फुटला तर तयारीला लागा. मातीचा भुगाच होत असेल तर उशीर झाला म्हणायचे.

पिकाचे नाजूक दिवस

माणसाच्या घरात बाळंतीण आणि लहान लेकरू यांना आधी जपतात. पिकाचेही तसेच आहे. वाढीच्या काळात थोडा ताण बसला तर पीक पुढे तो भरून काढते. फुले लागताना आणि दाणे भरताना बसलेला ताण मात्र भरून निघत नाही.

सोयाबीनला फुलोरा साधारण ३५ ते ४५ दिवसांत येतो आणि शेंगा ५५ ते ७० दिवसांत भरतात. या दोन वेळा सांभाळायच्या. जूनअखेरच्या पेरणीत फुलोरा आश्लेषाच्या आसपास येतो आणि शेंगा मघा-पूर्वात भरतात. नेमका याच नक्षत्रांत पावसाने दगा दिला की फटका बसतो.

कपाशीला पाते लागणे, फुले येणे आणि बोंडे भरणे या अवस्था महत्त्वाच्या. कोरड पडली तरी पातेगळ होते आणि रानात पाणी साचले तरी होते, हे ध्यानात असू द्या.

तुरीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून ती खंडात तग धरते. पण फुलकळी येताना आणि शेंगा भरताना जमीन कोरडी असेल तर तिलाही एक पाणी पाहिजे. पाणी साचणे मात्र तुरीला अजिबात सोसत नाही, लगेच मर लागते.

रब्बी ज्वारीला एकच पाणी देता येत असेल तर ते पोटरीच्या वेळी, म्हणजे ५० ते ५५ दिवसांनी द्या. हरभऱ्याला एकच पाणी असेल तर फुलोऱ्याच्या सुमारास हलके द्या. जास्त दिले तर हरभरा नुसता माजतो. गव्हाला एकच पाणी असेल तर ते ४० ते ४२ दिवसांनी, आणि दोन असतील तर एक २० ते २२ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे.

ही यादी घराच्या भिंतीवर लिहून ठेवा. पेरणीची तारीखही त्याखाली लिहा. पेरणीची तारीख विसरलेला शेतकरी मला दर हंगामात भेटतो. मग पीक किती दिवसांचे, हे सांगायला शेजाऱ्याच्या बारशाची नाहीतर बाजाराच्या दिवसाची आठवण काढावी लागते!

आपल्या विहिरीचे पाणी मोजा

आता आबांच्या प्रश्नाकडे येऊ. पाणी कोणत्या रानाला द्यायचे? त्यासाठी आधी पाणी आहे किती, ते कळायला हवे. त्याला यंत्र लागत नाही. दोनशे लिटरचे एक पिंप पाइपाच्या तोंडाशी ठेवा आणि ते किती सेकंदांत भरते ते घड्याळावर बघा.

आबांचे पिंप ५० सेकंदांत भरत होते. म्हणजे सेकंदाला ४ लिटर, तासाला सुमारे १४,४०० लिटर. मोटार रोज तीन तास चालायची, म्हणजे दिवसाला सुमारे ४३,००० लिटर पाणी हाताशी होते.

आता रानाची गरज बघा. एक एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर. तुषार संचाने ३० मिलिमीटरचे हलके पाणी द्यायचे तर एकराला १ लाख २० हजार लिटर लागतात. म्हणजे आबांचा एक एकर तीन दिवसांत भिजला असता आणि काळे दोन एकर सहा दिवसांत. तेच मोकाट पाणी, त्यात भेगाळलेली जमीन, म्हणजे एकराला अडीच लाख लिटर सहज जातात. एका एकराला सहा दिवस! तीन एकर होईपर्यंत सतरा-अठरा दिवस लागणार, आणि तोवर पहिला एकर पुन्हा सुकणार.

म्हणून मी आबांना सांगायला पाहिजे होते ते असे : "आबा, वाट बघू नका. खरे तर आठवड्यापूर्वीच सुरू करायला हवे होते. आजच शेजाऱ्याचा तुषार संच भाड्याने आणा. काळ्या दोन एकरांना तीन-तीन दिवसांत हलके पाणी द्या. टेकाडावरचा मुरमाड एकर सोडून द्या."

शेवटचे वाक्य उच्चारायला जड जाते. उभे पीक सोडून द्या म्हणायला सल्ला देणाऱ्याची जीभ रेटत नाही आणि ऐकणाऱ्याचे काळीज धजत नाही. पण हिशेब बघा. मुरमाड रानात दिलेले ३० मिलिमीटर पाणी जेमतेम मावते आणि तीन दिवसांत पीक पुन्हा तहानते. तेच पाणी मध्यम रानात घातले तर आठवडाभर सुखाने पुरते आणि पुढचे काही दिवस पीक कळ काढते. तीन एकरांना अर्धेमुर्धे पाणी देऊन तिन्ही घालवण्यापेक्षा दोन एकर नीट वाचवलेले बरे. आणि पाऊस चार दिवसांत आलाच असता तर काय बिघडले असते? रोज तीन तासांच्या विजेचा खर्च आणि थोडी मेहनत. पाऊस न आल्यावर जे बुडाले त्यापुढे हे काहीच नाही.

पाणी देण्याआधी आणि देताना

ज्यांच्याकडे विहीर नाही ते म्हणतील, साहेब, आमचे काय? त्यांच्यासाठी आणि सगळ्यांसाठीच पहिला उपाय कोळप्याचा. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपण म्हणतो ते खरे आहे. वरची दोन बोटे माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल वर उडून जात नाही. तण निघाले की तेही पाणी पीत नाही. मात्र हे काम पाऊस थांबल्यावर वापसा येताच करा. भेगा रुंदावल्यावर कोळपे घातले तर ढेकळे निघतात आणि मुळ्या तुटतात.

दुसरा उपाय आच्छादनाचा. निंदणीचे तण, गव्हाचा भुसा, जुना कडबा, जे असेल ते ओळींमधून पसरा. मोठ्या रानात जमत नसेल तर भाजीपाल्यात आणि फळझाडांच्या आळ्यात तरी नक्की करा.

तिसरा उपाय फवारणीचा. खंड लांबतो आहे असे दिसले तर पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे १३:००:४५ हे खत, १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम या प्रमाणात सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. यामुळे पिकाला ताण सोसायला थोडी मदत होते. फवारणीने पाण्याची जागा भरून निघत नाही, म्हणून तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

पाणी द्यायचे तर भेगा पडायच्या आधी द्या, हलके द्या, आणि संध्याकाळी किंवा पहाटे द्या. तुषार संच नसेल तर एक आड एक सरी भिजवा. दारे धरणाऱ्याला थोडी जास्त धावपळ होते, पण तेवढ्याच पाण्यात बरेच जास्त रान भिजते.

पाणी जास्त झाले तर

आता दुसऱ्या बाजूला वळू. मुळाला पाणी लागते तशी हवाही लागते. रानात पाणी साचले की मातीतली हवा निघून जाते आणि मुळे गुदमरतात. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी काम थांबवतात आणि पीक पिवळे पडते. दोन दिवसांच्या वर पाणी साचू दिले तर नुकसान भरून येणे कठीण असते.

उपाय एकच, सरी. सोयाबीन रुंद वरंबा आणि सरी पद्धतीने पेरले असेल तर उत्तमच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाने या पेरणीची शिफारस केलेली आहे. वरंब्यावर चार ओळी आणि बाजूला सरी. पाऊस कमी पडला तर सरीत मुरतो, जास्त पडला तर सरीने निघून जातो. सपाट पेरणी झाली असेल तरी हरकत नाही. पीक महिन्याचे झाले की दर चार ओळींनंतर कोळप्याला दोरी गुंडाळून सरी ओढा. सरी उताराला थोडी आडवी धरा. सरळ उताराने काढली तर पाण्याबरोबर मातीही जाईल. एकाच सरीचे असे दोन उपयोग होतात, म्हणून खंडाचा हंगाम असो की अतिवृष्टीचा, ती केलेली वाया जात नाही.

पाणी ओसरून वापसा आला की एक कोळपणी करा म्हणजे मुळांना हवा मिळेल. पिवळ्या पडलेल्या पिकावर १९:१९:१९ हे खत १० लिटरला १०० ग्रॅम घेऊन फवारा.

कपाशीवाल्यांनी एक धोका ओळखून ठेवावा. बरेच दिवस कोरड पडून मग एकदम मोठा पाऊस झाला, किंवा आपणच भरपूर पाणी दिले, तर टवटवीत झाडे अचानक माना टाकतात. याला आकस्मिक मर म्हणतात. हा संसर्गाचा रोग नव्हे, झाडाला बसलेला धक्का आहे. साचलेले पाणी लगेच काढा, खोडाजवळची माती पायाने दाबून घ्या आणि आळवणीसाठी त्याच दिवशी कृषी कर्मचाऱ्याचा सल्ला घ्या. पहिल्या एक-दोन दिवसांत धावपळ केली तर बरीच झाडे वाचतात. आणि खंडानंतरचे पाणी हलकेच द्यावे, हा धडा यातूनही मिळतो.

काढणीच्या वेळची घाई

पीक वाढवण्यात चार महिने जातात आणि ते गमवायला दोन दिवसांचा पाऊस पुरतो. सोयाबीनच्या बहुतेक शेंगांचा रंग पालटला, पाने गळाली, की काढणी लांबवू नका. पक्व शेंग पावसात सापडली की दाणे शेंगेतच मोड काढतात. काढलेले सोयाबीन रानात पसरून ठेवू नका. उंचवट्यावर बनीम लावा, खाली काड्या किंवा फळ्या घाला आणि वरून ताडपत्री बांधा. ताडपत्री काढणीच्या आधी घरात आणून ठेवा. पाऊस आला की गावातल्या दुकानातली ताडपत्री संपलेली असते, हे काय मी सांगायला हवे? दाणा चांगला वाळवून, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आल्यावरच पोत्यात भरा.

भिजलेल्या सोयाबीनचे बियाणे पुढच्या वर्षासाठी ठेवायचे असेल तर उगवण तपासल्याशिवाय ठेवू नका. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि आठवड्याने मोजा. सत्तरच्या वर उगवले तर बी पेरण्यालायक समजा.

रब्बीत दोन गोष्टी छळतात, गारा आणि उन्हाचा कडाका. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी महाराष्ट्रात केवढे नुकसान केले ते तुम्ही पाहिले आहे. गारांना अडवायला आपल्या हाती काही नाही. पण तयार झालेला हरभरा किंवा ज्वारी 'पुढच्या आठवड्यात काढू' म्हणून उभी न ठेवणे आपल्या हाती आहे. उन्हाचे म्हणाल, तर २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनच्या नोंदींत तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा दाणा भरताना अशी उष्णता आली की दाणा लवकर पिकतो आणि बारीक राहतो. म्हणून गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. दाणे भरताना ऊन वाढले तर संध्याकाळी वारा पडल्यावर हलके पाणी द्या. वाऱ्यात दिले तर गहू लोळतो.

पुढच्या हंगामाची तयारी

या गोष्टी पेरणीच्या आधी ठरवाव्या लागतात. पहिल्या पावसाला भुलून तिफण जुंपू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत चांगली ओल गेली म्हणजे पेरा, म्हणजे दुबार पेरणीची पाळी येणार नाही. सगळे रान एकाच पिकाखाली घालू नका. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी, असे आंतरपीक घेतले तर ऑगस्टच्या खंडाने सोयाबीन मारले तरी तूर सप्टेंबरच्या पावसावर उभी राहते. मुरमाड एकरात कमी दिवसांचे पीक घ्या, म्हणजे ते सोडून द्यायची वेळ येणार नाही. आणि जमेल त्याने शेततळे करावे. अतिवृष्टीच्या दिवशी ओढ्याला जाणारे पाणी शेततळ्यात थांबले, तर तेच खंडातले एक पाणी होते.

हवामानाचा अंदाज ऐकत जा. परभणीच्या विद्यापीठाचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. पण अंदाज जिल्ह्याचा असतो आणि रान तुमचे असते. अंदाज कानाने ऐका आणि ओल हाताने बघा.

एवढे करूनही नुकसान झालेच तर फोटो काढून ठेवा, गावच्या महसूल आणि कृषी कर्मचाऱ्याला लगेच कळवा आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः रानात हजर राहा. पीक विम्याचे नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाच्या अटी हप्ता भरतानाच वाचून घ्या.

आबांचे पुढे काय झाले, ते सांगून थांबतो. पुढच्या वर्षी त्यांनी मुरमाड एकरात मूग पेरला आणि दोन एकरांत सोयाबीन-तूर घेतली. घराच्या भिंतीवर कोळशाने पेरणीची तारीख लिहिली. मी गेलो तेव्हा ते पाइपाच्या तोंडाशी पिंप ठेवून उभे होते, नातू मोबाइलच्या घड्याळावर सेकंद मोजत होता. मला बघून आबा म्हणाले, "या सायेब. औंदा सरासरीला इचारलं न्हाई, इहिरीलाच इचारलं."

मंडळी, तुम्हीही आपल्या विहिरीला विचारा. नमस्कार.

थोडक्यात ध्यानात ठेवा

१. पेरणीची तारीख लिहून ठेवा आणि पिकाचे नाजूक दिवस त्यावरून काढा.

२. पाऊस थांबल्यावर हलक्या जमिनीत सुमारे ३, मध्यम जमिनीत ६ ते ७ आणि भारी जमिनीत १२ ते १५ दिवसांत पिकाला ताण बसू लागतो.

३. दोनशे लिटरच्या पिंपाने पंपाचे पाणी मोजा. एकराला १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४,००० लिटर.

४. पाणी भेगा पडण्याआधी आणि हलके द्या. अपुरे असेल तर जे रान ओल धरते त्याला आधी द्या.

५. दर चार ओळींनंतर सरी काढा. ती खंडातही उपयोगी पडते आणि अतिवृष्टीतही.

६. ताडपत्री काढणीच्या आधी घरात आणा.